शहर श्रीमंत झालं, मग शेजारची गावं का नाहीत?

सांजवेळ (धागाकर्ती):
मोठ्या शहरात पैसा ओता, भोवतालचा प्रदेश आपोआप वर येईल, असं नियोजनाच्या चर्चांमध्ये सर्रास म्हटलं जातं. मला हे अर्धंच खरं वाटतं. एकाच धंद्यातली माणसं जवळ आली की कुशल कामगार पटकन मिळतो, पुरवठादार हाकेच्या अंतरावर असतो, नवी युक्ती लवकर पसरते. शहरात उत्पन्न वाढतं ते यामुळेच. पण त्या उत्पन्नावरचा कर बहुतेक ठिकाणी शहराच्या हद्दीत अडकतो. कामगार राहतो शेजारच्या गावात आणि त्याच्या मुलांची शाळा, नळ, गटारं यांचा खर्च त्या गावाच्या माथी.

म्हणून वाटणी कायद्यानेच ठरवायला हवी. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९७१ साली असा कायदा झाला. मिनीआपोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांच्या परिसरात १९७१ नंतर व्यापारी-औद्योगिक मालमत्तेच्या करपात्र मूल्यात जी वाढ होते, तिचा ४० टक्के हिस्सा सामायिक खात्यात धरला जातो. तो लोकसंख्या आणि स्थानिक करक्षमता पाहून वाटला जातो, म्हणजे गरीब गावाला जास्त. कोर्टकचेऱ्या झाल्या, तरी कायदा टिकला. हे इतरत्र का होऊ नये?

दगडी_पूल:
असहमत. वाटणीच्या गोष्टी सुरू झाल्या की शहराचे पाय बांधायला फार वेळ लागत नाही. बर्मिंगहॅमचं उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर ते ब्रिटनमधल्या भरभराटीच्या शहरांपैकी एक होतं. सरकारला वाटलं, इथली वाढ मागास भागांकडे वळवावी. नवा कारखाना काढायचा तर परवाना, आणि १९६५ पासून नव्या कार्यालयांवरही निर्बंध. शहर मोटारउद्योगावर विसंबून राहिलं, दुसरे धंदे रुजायला वाव मिळाला नाही. सत्तरच्या दशकात मोटारउद्योग कोसळू लागला तेव्हा हाताशी पर्याय नव्हता, आणि भोवतालचा सगळा वेस्ट मिडलँड्स त्याच्याबरोबर घसरला. शहर मोडलं तर वाटणार काय?

सांजवेळ:
@दगडी_पूल, बर्मिंगहॅममध्ये वाढच अडवली गेली. मिनेसोटात कुणालाही कारखाना काढू नको असं सांगितलं नाही. वाढीतला ६० टक्के वाटा ज्याच्या हद्दीत वाढ झाली त्याच्याकडेच राहतो. वाढ रोखणं आणि वाढीतून आलेलं वाटून घेणं, या दोन्हींना एकाच तागडीत कसं घालता?

मीठभाकर७:
मला वाटतं तुम्ही दोघंही कायद्यावर फार भिस्त ठेवता. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन आणि सामुद्रधुनीपलीकडचं स्वीडनचं माल्मो पाहा. माल्मोची जहाजबांधणी ऐंशीच्या दशकात बसली. १९९८ मध्ये तिथे नवं विद्यापीठ आलं, २००० मध्ये दोन्ही शहरांना जोडणारा ओरेसुंड पूल खुला झाला. डेन्मार्कमध्ये घरं महाग, म्हणून कित्येक कुटुंबं स्वीडनच्या बाजूला राहून रोज पलीकडे कामाला जाऊ लागली. आधी माणसं जोडली गेली, करांचा हिशेब मागाहून आला. प्राप्तिकर डेन्मार्कला आणि शाळा-दवाखाने स्वीडनने द्यायचे, ही तक्रार वाढली तेव्हा २००३ मध्ये दोन देशांनी भरपाईची तरतूद असलेला करार केला. रेल्वे, पूल, विद्यापीठ आधी, वाटणी नंतर.

रानवाट:
मी वेगळ्याच बाजूने विरोध करते. तुमच्या सगळ्या चर्चेत गाव म्हणजे हात पसरून उभं असलेलं कुणीतरी आहे. न्यूयॉर्कचं बहुतांश पाणी सव्वाशे मैलांपर्यंत लांब पसरलेल्या कॅटस्किल-डेलावेअर खोऱ्यांतून येतं. त्यासाठी विसाव्या शतकात, साठच्या दशकापर्यंत, तिथली गावं धरणांखाली गेली. नव्वदच्या दशकात शहरापुढे दोन वाटा होत्या: अब्जावधी डॉलरचा शुद्धीकरण प्रकल्प, किंवा पाणलोट स्वच्छ ठेवणं. सुरुवातीला शहराने नियम लादायचा प्रयत्न केला, तेव्हा गावं एकत्र येऊन अडून बसली. १९९७ चा करार झाला तो त्यांच्याशी बोलणी करून: सांडपाण्याच्या टाक्यांची दुरुस्ती शहराच्या पैशाने, जमीन खरेदी फक्त विकायला राजी असणाऱ्यांकडून, शेतकऱ्यांना पाणी राखण्यासाठी मदत. तिथे गावाकडे शहराला हवी असलेली वस्तू होती आणि नाही म्हणायची ताकदही होती. बोलणीच्या टेबलाशी गावाला खुर्ची नसेल तर टक्केवारीचं सूत्र पुढच्या विधानसभेत बदलतं.

दगडी_पूल:
@रानवाट, हे पटलं, आणि धागाकर्तीच्या कायद्याची मर्यादाही हीच. मिनेसोटात सगळी गावं एका राज्यात होती, म्हणून वरून सांगणारं कुणी होतं. अमेरिकेतल्याच कॅन्सस सिटीचा परिसर मिझुरी आणि कॅन्सस अशा दोन राज्यांत पसरलाय. दोन्ही राज्यं वर्षानुवर्षं करसवलती देऊन एकमेकांच्या कंपन्या राज्यसीमेपलीकडून ओढत होती. एकाच महानगरातल्या नोकऱ्या इकडून तिकडे, आणि खजिना दोघांचाही रिकामा. २०१९ मध्ये युद्धबंदी झाली ती दोघांनाही तोटा कळल्यावर, वाटणीच्या कायद्याने नाही.

सांजवेळ:
रानवाट, खुर्चीचा मुद्दा माझ्या मागणीत जोडते: सूत्र बदलायचं तर गावांची संमती हवी, हेही कायद्यातच लिहिलेलं असावं. पण दगडी_पूल, तोटा कळेपर्यंत थांबायचं तर त्या वर्षांत सवलतींवर उधळलेल्या पैशातून ज्या शाळा चालायच्या होत्या, त्यांतल्या मुलांनी काय करायचं? जिथे वरून सांगणारं राज्य आहे, तिथे तरी वाट पाहण्याचं कारण मला दिसत नाही.