हॉर्नबी रोडचा फोटो आणि साहेबाची शिस्त

ठाकूरद्वार
कालपासून तीन गटांत तोच फोटो येतोय. १९१० च्या आसपासचा मुंबईचा हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी रोड, वर रंग चढवलेला, आणि खाली ओळ: "एक फेरीवाला नाही, एक कपटा नाही. याला म्हणतात साहेबाची शिस्त!" दोनदा गिळलं. तिसऱ्यांदा सख्ख्या चुलतभावाने टाकला, मग राहवेना.

फोटो मोठा करून बघा. चार व्हिक्टोरिया घोडागाड्या आहेत, म्हणजे निदान चार घोडे. लीद कुठेय? रंग भरणाऱ्याने पुसली की झाडूवाल्याने उचलली? उचलली असेल तर तो झाडूवाला कुठेय? १८६० च्या दशकात किल्ल्याचा तट पाडून हा रस्ता रुंद केला. १८९६ मध्ये नियम केला की इमारत कुठल्याही थाटाची बांधा, खाली सलग कमानी हव्यातच. त्याच साली मांडवीत प्लेग निघाला. मैल-दीड मैलावर माणसं पटापट मरत होती. शिस्त तिकडे का नाही पोचली? साहेबाने साहेबासाठी केलेली शिस्त ती.

सरळरेषा
आला प्लेग. आता पुढच्या वाक्यात दुष्काळ.
मी एकतीस वर्षं बोरीबंदरला उतरून त्याच कमानींखालून फाउंटनपर्यंत चाललोय. पावसाळ्यात छत्री उघडावी लागत नाही. नियम केला आणि पाळला म्हणूनच ना? गेली पंधरा वर्षं मात्र कमानीत मोबाइलची कव्हरं आणि मी बसच्या चाकाशेजारी. आणि त्या काळच्या दुकानांत भाव लिहिलेला असे. त्याच रस्त्यावरच्या व्हाइटवे लेडलॉ या साहेबी दुकानात उधारी नाही, घासाघीस नाही. रोख द्या, वस्तू घ्या. हेही वाईट का?

पदराची_गाठ
रस्त्याचं तुम्ही बघून घ्या. घासाघीस वाईट कधीपासून झाली?
माझी आजी गिरगावातून चालत काळबादेवीला जायची. आईच्या लग्नाच्या शालूला मला कडेवर... चुकले, मावशीला कडेवर घेऊन गेली होती. नोटा पदराच्या गाठीत. दुकानदाराने भाव सांगितला की ही उठायची. तिचा हिशोब पक्का: तिसऱ्या पायरीपर्यंत हाक आली तर परत वर चढायचं, नाही आली तर तो भाव खरा. शालू घरात आहे अजून. लिहिलेला भाव ज्याला परवडतो त्याच्यासाठी. आजीला त्या हॉर्नबी रोडवर "या" कोण म्हणणार होतं?

सरळरेषा
आजीचं कौतुक आहे. माझ्या बाबांना भाव करायची लाज वाटायची. कारकून माणूस. काळबादेवीच्या एका गल्लीत शर्टाचं कापड घेतलं, वाराला अकरा रुपये मोजले. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने त्याच ताग्यातलं आठने आणलेलं. वर घरी मापलं तर चार बोटं कमी. ते कापड त्यांनी शिवलंच नाही. गेले तेव्हा कपाटात घडी तशीच होती. तुमची ती तिसरी पायरी, ती ज्याला जमते त्याचीच.

ट्रामवाला
फोटोत मधोमध ट्राम आहे त्याबद्दल कुणी बोलणार का? १८७४ ला घोड्यांची, १९०७ ला विजेची, ३१ मार्च १९६४ ला बंद. त्या रात्री वडिलांच्या खांद्यावर बसून शेवटची गाडी बघितलीय. घंटा अजून कानात

पदराची_गाठ
दर चर्चेत ट्राम! सरळरेषा, बाबांचं वाईट वाटलं. पण फसवलं एकाने, शिव्या सगळ्या बाजाराला?

जुनाबाजार
ठाकूरद्वार, तुमचं "साहेबाने साहेबासाठी" छाप दुखणं मला कळत नाही. हॉर्नबी रोडवर पारशी होते, भाटिये होते, आपले वकील होते. काळबादेवीत तरी कोण धुतल्या तांदळाचं होतं? १२ डिसेंबर १९३० ला बाबू गेनू ज्या परदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवा झाला, ते कापड मँचेस्टरचं असलं तरी त्याचे घाऊक व्यापारी आपलेच होते. रुमालाखाली बोटं दाबून सौदे करणारे. आजींच्या पायऱ्यांवर बसलेलेच कुणी.

पदराची_गाठ
आजीला मध्ये आणायचं काम नाही.

जुनाबाजार
आणली तुम्हीच.

ठाकूरद्वार
"साहेबासाठी" हा शब्द मागे घेतो, वकीलसाहेबांसाठीही म्हणा हवं तर. बाबू गेनू गिरणी कामगार होता, हे जाता जाता सांगितलंत तर बरं झालं असतं. आणि मंडळी, विषय फोटोचा होता. चाळीस रुपयांचं कापड आणि शालू यांत तो गेला वाहून.

सरळरेषा
तेहतीस रुपयांचं. तीन वार होतं.

ट्रामवाला
व्हाइटवेच्या इमारतीत पुढे खादी भांडार आलं. बसा आता, हसायचं की रडायचं ते ठरवत.

पदराची_गाठ
हे मात्र आवडलं. ट्राम माफ.

सरळरेषा
बरं, फोटो मोठा केला. ठाकूरद्वार, तुमचा झाडूवाला सापडला. डावीकडे, तिसऱ्या कमानीच्या खांबाआड, अर्धाच दिसतो. पण झाडत नाहीये. बसलाय. घ्या तुमची शिस्त, मी एक पाऊल मागे.

ठाकूरद्वार
बघितला. पुढ्यात टोपली आहे त्याच्या, आणि समोर एक बाई वाकलीय. अहो, तो झाडूवाला नाही. फेरीवाला आहे.

पदराची_गाठ
भाव करतेय ती.