एबीएसचा दिवा आणि हळू ब्रेक लावताना पेडलची थरथर: सेन्सर बदलूनही तेच (इंदूर)

सुदामानगर:
नमस्कार मंडळी. गाडी २०१४ची डिझेल हॅचबॅक, मागे ड्रम ब्रेक. पावसाळा लागल्यापासून एबीएसचा (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लागतो, मधेच दोन दिवस गायब होतो. शिवाय सिग्नलपाशी वेग दहाच्या आत आला की पेडल थरथरतं, खरखर आवाज येतो आणि गाडी हातभर पुढे सरकते. रस्ता कोरडा असला तरी हेच. स्कॅनरवर पुढच्या डाव्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा बिघाड-कोड आला म्हणून सेन्सर नवा टाकला, आठवड्यात पुन्हा तेच. आता गॅरेजमध्ये एबीएसचं मॉड्यूल (कंट्रोल युनिट) बदला म्हणताहेत. बदलू का? की आधी दुसरं काही तपासून घ्यायला सांगू?

ओहमवाला:
मॉड्यूलला एवढ्यात हात लावू देऊ नका. त्या चाकाकडून येणारा सिग्नल पटत नाही, एवढंच कोड सांगतो. सिग्नलच्या वाटेवर सेन्सरबरोबर वायर, कनेक्टर, चाकाबरोबर फिरणारी दातेरी रिंग आणि बेअरिंगही येतं.

आधी सेन्सरची जात ठरवा. दोन्ही जातींना दोनच वायरी असतात, त्यामुळे बाहेरून कळत नाही. कनेक्टर सोडा, इग्निशन चालू करा आणि गाडीकडच्या बाजूला मीटर लावा. बॅटरीच्या जवळपास व्होल्ट दिसले तर ॲक्टिव्ह (बाहेरून वीज लागणारा), अगदी थोडे दिसले तर बहुधा पॅसिव्ह (स्वतःच व्होल्टेज तयार करणारा). काहीच दिसलं नाही तर उजव्या चाकाला तीच तपासणी करा. तिकडे व्होल्ट आहेत आणि इकडे नाहीत, तर मधली वायर तुटली आहे.

पॅसिव्ह असेल तर इग्निशन बंद करून सेन्सरच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. साधारण ८०० ते २,५०० यावेत आणि डाव्या-उजव्यात फार फरक नसावा. पिन आणि बॉडी यांच्यात जोड अजिबात दिसता कामा नये. मग गाडी घोडीवर ठेवून, मीटर एसी मिलीव्होल्टवर लावून चाक हाताने सेकंदाला एक फेरा या गतीने फिरवा. शंभरेक मिलीव्होल्ट तरी मिळायला हवेत.

ॲक्टिव्ह सेन्सरला ओहम मोजू नका, त्यातून काही कळत नाही आणि आतल्या चिपला धोका असतो. त्याच्या एका वायरीत मिलीअँपियर मीटर जोडा, इग्निशन चालू ठेवा आणि चाक बोटभर-बोटभर सरकवा. आकडा ७ आणि १४ यांच्यामध्ये उड्या मारत राहिला तर सेन्सर ठणठणीत आहे.

सीव्ही जॉइंट:
दहाच्या आत पेडल थरथरतं हे लक्षण रिंगकडे बोट दाखवतं. पॅसिव्ह सेन्सरचं व्होल्टेज चाकाच्या वेगावर ठरतं. सेन्सरचं टोक आणि रिंगचे दात यांच्यातली फट वाढली की वेगात काम भागतं, पण हळू झाल्यावर सिग्नल इतका बारीक होतो की मॉड्यूलला ते चाक थांबल्यासारखं दिसतं. बाकी तीन चाकं आठ दाखवताहेत आणि हे एक शून्य, म्हणजे चाक जाम झालं, असं समजून मॉड्यूल त्या चाकाचा दाब सोडतं. तुमची गाडी पुढे सरकते ती यामुळे. अशा वेळी अनेकदा कोडही पडत नाही. मला तर हा दोष दिवा लागण्यापेक्षा घातक वाटतो.

फट बिघडते ती गंजाने. रिंग सीव्ही जॉइंटवर (इंजिनाचा जोर चाकाला देणाऱ्या सांध्यावर) घट्ट दाबून बसवलेली असते. खाली गंज धरला की तो फुगतो, रिंगला वर उचलतो आणि शेवटी एका दाताच्या मुळाशी ती तडकते. स्टीअरिंग पूर्ण वळवून टॉर्च मारा आणि चाक हळूहळू फिरवत एकेक दात पाहा. आपल्याकडची काळी माती दातांत चिकटून सिमेंटसारखी वाळते, त्यामुळे आधी पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने धुऊन घ्या, नाहीतर चीर दिसायची नाही. केसाएवढी चीरसुद्धा पुरते.

सेन्सर बसतो त्या भोकाच्या कडेलाही गंज असेल तर नवा सेन्सरसुद्धा तिरका, उचललेला बसतो. ती जागा चकचकीत घासा. बोल्ट आवळून सेन्सर खाली ओढू नका, त्याचा प्लॅस्टिकचा कान तुटतो.

सुदामानगर:
उजवा सेन्सर डावीकडे लावून पाहिला तर?

ओहमवाला:
नको. पुष्कळ गाड्यांत दोन्हीकडची वायर आणि क्लिपा वेगळ्या असतात, आणि गंजलेल्या भोकातून जुना सेन्सर काढताना मोडतोच. त्यापेक्षा मीटर लावलेला ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि शॉकॲब्सॉर्बरजवळची वायर हलवा. आकडा उडाला तर आत तांबं तुटलं आहे. त्या वळणाऱ्या भागात सोल्डर करू नका, तिथेच पुन्हा तुटते. कनेक्टरमध्ये हिरवट बुरशी दिसली तर पावसाचं कोडंही सुटलं.

हबवाला:
चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर आधी बेअरिंग, कारण चाक डुललं की फटही कमी-जास्त होते. तुमच्या गाडीला दातेरी रिंगच नसेल तर चुंबकी पट्टा बेअरिंगच्या सीलवर असतो. असं बेअरिंग उलटं दाबून बसवलं तर सिग्नल येतच नाही. प्रेसला देण्यापूर्वी चुंबकी बाजू सेन्सरकडे ठेवायला सांगा. ती ओळखायला कागदाची क्लिप पुरते, अलगद चिकटते.

सुदामानगर:
आज रिंग धुऊन पाहिली. एका दाताच्या मुळाशी चीर आहे, नखाला लागते. सुटी रिंग घ्यायची म्हणतो. तोवर गाडी चालवू का?

सीव्ही जॉइंट:
फक्त पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात, जपून चालवा. त्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला तर आधी ब्रेक ऑइलची पातळी बघा आणि गाडी हलवू नका. रिंग घेताना जुनीचे दात मोजून न्या. एक दात कमी-जास्त असला तरी त्या चाकाचा वेग चुकतो. जॉइंटवरचा गंज पूर्ण निघाल्याशिवाय नवी रिंग चढवू देऊ नका, नाहीतर तीही फुटेल. नंतर कोड पुसून सुपर कॉरिडॉरच्या रुंद रस्त्यावर पहाटे न्या. स्कॅनरवर चारही चाकांचे वेग लावून शेजारी कुणाला तरी बसवा. वीसवरून शून्यापर्यंत येताना चारही आकडे बरोबरीने उतरले पाहिजेत. काही गाड्यांत दिवा थोडं चालवल्यावरच विझतो, जागेवर विझला नाही म्हणून परत उघडू नका.