मनपाची शाळा: निर्णय कोणाचा, पैसा कुठला आणि दर्जा कसा ओळखायचा?

धनकवडी_पालक
पुणे मनपाच्या मराठी माध्यमाच्या एका प्राथमिक शाळेत शाळा व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून नुकतीच निवड झाली आहे. काम मनापासून करायचे आहे, पण कुठे बोट ठेवावे तेच कळत नाही. शिक्षक कमी का, असे विचारले की उत्तर येते ‘संचमान्यता’. स्वच्छतागृहाचे विचारले की ‘भवन विभाग’. गणवेशाचे विचारले की ‘डीबीटी’. पूर्वी शिक्षण मंडळ होते, ते कुठे गेले? मिळकतकराच्या बिलात शिक्षण कर असतो, तो शाळेपर्यंत येतो का? शाळा बरी चालली आहे की नाही, हे कोणत्या आकड्यांवरून ठरवायचे? आणि समितीला सह्यांपलीकडे काही अधिकार आहेत का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

ताळेबंद
आधी मंडळाचे सांगतो. 1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाखाली मनपाचे शिक्षण मंडळ होते. त्याला स्वतःचे अध्यक्ष, सदस्य आणि खरेदीचे अधिकार होते. शिक्षणहक्क कायद्याने शाळांची जबाबदारी थेट ‘स्थानिक प्राधिकरणा’वर, म्हणजे मनपावर टाकली आणि 2013 च्या राज्याच्या कायद्याने मंडळे रद्द झाली. पुण्यातले मंडळ मुदत संपेपर्यंत चालले. आता प्राथमिक शिक्षण विभाग हे मनपाच्या इतर खात्यांसारखेच आयुक्तांच्या हाताखालचे एक खाते आहे. माध्यमिक व तांत्रिक शिक्षण विभाग वेगळा. त्यामुळे मूल सातवी-आठवीतून पुढे जाते तेव्हा त्याची फाइलही एका विभागातून दुसऱ्या विभागात जाते.

मोठ्या खर्चाचे प्रस्ताव स्थायी समितीत मंजूर होतात, धोरण आणि अंदाजपत्रक मुख्य सभेत. मार्च 2022 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत सभागृहच नव्हते आणि हे सगळे अधिकार आयुक्त प्रशासक म्हणून वापरत होते. त्या काळात शाळांबद्दल सभेत जाहीर प्रश्न विचारणारे कोणी नव्हते, हे मला फार मोठे नुकसान वाटते. आता नगरसेवक आहेत, त्यांना मुख्य सभेत लेखी प्रश्न विचारायला लावा.

पैशाचे प्रवाह तीन. पहिला पगाराचा: मंजूर पदांवरील प्राथमिक शिक्षकांच्या वेतनापोटी राज्य शासन मनपाला 50 टक्के अनुदान देते, उरलेले मनपा स्वतःच्या उत्पन्नातून घालते. दुसरा समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय योजनेचा: केंद्र 60 टक्के, राज्य 40. पाठ्यपुस्तके आणि शाळेचे संयुक्त अनुदान यातून येते. तिसरा पूर्णपणे मनपाचा: इमारती, दुरुस्ती, सुरक्षारक्षक, सफाई आणि विद्यार्थ्यांच्या साहित्याचे थेट बँक खात्यात जमा होणारे पैसे (हीच ती ‘डीबीटी’).

मिळकतकराच्या बिलातल्या शासनाच्या शिक्षण कराबद्दल मोठा गैरसमज आहे. तो 1962 च्या राज्य कायद्याखालचा कर आहे. मनपा तो फक्त गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. ‘आम्ही शिक्षण कर भरतो, मग शाळेला रंग का नाही’ असा अर्ज केलात तर उत्तर एका ओळीत मिळेल. रंगाचा पैसा मनपाच्या अंदाजपत्रकात शोधायचा.

तेही नेमके शोधावे लागते. शाळेचे बांधकाम आणि मोठी दुरुस्ती शिक्षण विभागाच्या पानांवर सापडेलच असे नाही, भवन विभागाची पानेही उघडा. नगरसेवकांनी सुचवलेली कामे ‘स’ यादीत असतात. चारही रकाने एकत्र वाचा: मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची तरतूद, सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाची तरतूद. बातमीत येते ती तरतूद, पण शाळेपर्यंत पोहोचतो तो प्रत्यक्ष खर्च. तरतूद भरघोस आणि खर्च निम्मा दिसला तर पैसा वर्गीकरणाने दुसऱ्या कामाकडे गेला का, निविदाच निघाली नाही का, की बिल 31 मार्चपर्यंत लागले नाही, हे तीन वेगळे प्रश्न विचारा. तिन्हींची उत्तरे तीन वेगळ्या टेबलांवर असतात.

हजेरीपट
शिक्षकांच्या प्रश्नावर मुख्याध्यापकांना दोष देऊन उपयोग नाही. पदे मनपाही स्वतःच्या मर्जीने ठरवत नाही. 30 सप्टेंबरचा पट धरला जातो आणि त्यात आधार वैध ठरलेलीच मुले मोजली जातात. त्या आकड्यावरून संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मंजूर याचा आदेश, निघते.

एक हिशेब मांडून पाहा. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी 60 पर्यंत पटाला 2 शिक्षक, 61 ते 90 ला 3, 91 ते 120 ला 4. शाळेत प्रत्यक्ष 92 मुले बसतात. त्यातल्या तिघांचे आधार जुळत नाही. मोजली गेली 89. चौथे पद गेले, तो शिक्षक अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत समायोजित झाला आणि उरलेल्या तिघांवर पाच वर्ग आले. शिवाय मार्च 2024 च्या शासन निर्णयानंतर नवे पद मिळवायला पट आधीपेक्षा जास्त लागतो, म्हणून गेलेले पद परत आणणे आणखी अवघड झाले आहे.

आधार का जुळत नाही, तर बहुतेक वेळा अगदी साध्या कारणांनी. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आडनाव आधी, आधारवर शेवटी. नावाचे स्पेलिंग वेगळे. जन्मतारखेत दिवस-महिना उलटसुलट. किंवा नोंदणी तान्हेपणी झालेली आणि पाच वर्षांनंतरचे बायोमेट्रिक केलेलेच नाही. चूक शाळेच्या नोंदीत असेल तर मुख्याध्यापकांच्या लॉगिनमधून सुधारते. आधारमध्ये असेल तर पालकांना केंद्रावर जावे लागते आणि मजुरी बुडते म्हणून ते जात नाहीत. समितीने जुलैतच वर्गवार यादी मागावी, न जुळलेली नावे वेगळी काढावीत आणि शाळेतच आधार शिबिर घेण्यासाठी विभागाला पत्र द्यावे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ करून काही होत नाही, कारण दुरुस्ती मंजूर व्हायला वेळ लागतो.

पुण्यात यात बांधकामावरच्या मजुरांची मुले सर्वाधिक अडकतात. कागद नाहीत म्हणून त्यांचा प्रवेश अडवता येत नाही, शिक्षणहक्क कायद्याचे कलम 14 तेच सांगते. पण प्रवेश झाला आणि आधार नाही, तर ते मूल वर्गात आहे पण पदाच्या हिशेबात नाही. हा मला या पद्धतीतला सर्वांत अन्यायकारक भाग वाटतो: ज्या शाळा सर्वांत गरजू मुलांना घेतात, त्यांचेच शिक्षक कमी होतात.

दुसरे कारण रिक्त पदे. पद मंजूर असले तरी माणूस राज्याच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरूनच येतो: टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), मग अभियोग्यता चाचणी, मग जाहिरात, बिंदुनामावलीची (आरक्षणनिहाय पदांच्या नोंदीची) तपासणी, निवडयादी. मधल्या काळात मनपा एकवट मानधनावर शिक्षक घेते. त्यांचा करार शैक्षणिक वर्षापुरता असतो, नवे आदेश जूनमध्ये निघाले नाहीत तर पहिले काही आठवडे वर्ग रिकामा राहतो. मुख्याध्यापकांना विचारताना ‘मंजूर किती, कार्यरत किती, मानधनावर किती, प्रतिनियुक्तीवर बाहेर किती’ असे चारही आकडे मागा. ‘शिक्षक किती’ एवढेच विचारलेत तर वर्गावर नसलेलेही त्यात धरले जातात.

धनकवडी_पालक
फारच उपयोगी. न जुळलेल्या नावांची यादी उद्याच मागतो. दर्जाबद्दल कोणी लिहील का? ‘असर’चा अहवाल पाहावा का?

शब्द_साठ
‘असर’ हे मुलांच्या वाचन-गणिताचे सर्वेक्षण घराघरांत जाऊन होते, पण ते ग्रामीण भागाचे आहे. पुणे शहराला ते लागू नाही. 2024 च्या डिसेंबरमध्ये तिसरी, सहावी आणि नववीसाठी ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. तेही नमुन्यावर आधारलेले, जिल्ह्याचे चित्र देणारे. त्यावरून तुमच्या शाळेबद्दल काहीच म्हणता येत नाही. दहावीच्या निकालाचे फलकही जरा बाजूला ठेवा. नववीत गळालेले मूल त्या टक्केवारीत नसते.

तुमच्यासाठी उपयोगाची पहिली जागा म्हणजे यूडायस, शाळांच्या माहितीची सरकारी प्रणाली. प्रत्येक शाळेला 11 अंकी क्रमांक, पुणे जिल्ह्याचा 2725 ने सुरू होतो. शाळेचे प्रगतिपत्रक कोणालाही उघडता येते: वर्गवार पट, शिक्षक, खोल्या, वापरात असलेली स्वच्छतागृहे. मागची पाच वर्षे शेजारी ठेवा आणि तिरकस वाचा. पाच वर्षांपूर्वीची दुसरी, चार वर्षांपूर्वीची तिसरी, अशी एकच तुकडी पुढे जाताना किती मुले उरली ते पाहा. दरवर्षी थोडी घट स्थलांतरामुळे असते. एखाद्याच इयत्तेनंतर पट एकदम कोसळत असेल तर त्या वर्गात काहीतरी बिघडले आहे, किंवा पालक त्या टप्प्यावर मुले खासगी शाळेत नेत आहेत. सातवीनंतरची घट वेगळी समजा. आठवीचा वर्ग नसलेली शाळा असेल तर ती घट शाळेच्या रचनेमुळे आहे. सहावी ते आठवीची सोय तीन किलोमीटरच्या आत असायला हवी, तेवढे मात्र तपासा.

यूडायसवर स्वच्छतागृह ‘वापरात’ लिहिलेले आणि प्रत्यक्षात नळाला पाणी नाही, हे सर्रास दिसते. माहिती शाळेनेच भरलेली असते. म्हणून त्या पानाची प्रत हातात घेऊन एकदा शाळा फिरून या. फरक दिसेल तो समितीच्या इतिवृत्तात लिहा.

आता खरा दर्जा. निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाचे लक्ष्य असे की तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द अर्थ समजून वाचावेत आणि 9999 पर्यंतच्या संख्या हाताळाव्यात. हे समजायला तज्ज्ञ लागत नाही. बालभारतीच्या तिसरीच्या पुस्तकातला न शिकवलेला उतारा द्या, मोबाइलवर मिनिट लावा आणि नंतर दोन साधे प्रश्न विचारा. गणितात 503 मधून 267 वजा करायला सांगा. मधल्या शून्यावरून दशक उसना घेता येत नाही, तिथे बहुतेक मुले अडतात आणि 364 असे उत्तर येते, कारण प्रत्येक स्थानी मोठ्यातून लहान वजा केलेला असतो. वर्गातल्या अनेक वह्यांत हेच 364 दिसले तर दोष मुलांचा नाही, स्थानिक किंमत पक्की न करता पुढचा धडा घेतला गेला आहे. हे शिक्षकांना दरडावून विचारू नका. संकलित चाचणीचे प्रश्ननिहाय गुण एकत्र बसून पाहा.

पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आणि नापासांसाठी पुनर्परीक्षा आहे. त्या पुनर्परीक्षेला किती मुले बसली, हा आकडाही विचारा. शिष्यवृत्तीधारकांचे फोटो फलकावर लागतात त्याचा आनंद आहेच, पण ती मोजकी मुले असतात.

ताळेबंद
समितीच्या अधिकारांबद्दल राहिले. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे 75 टक्के सदस्य पालक, निम्म्या महिला. अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे आणि शाळा विकास आराखडा करणे ही समितीची कायदेशीर कामे आहेत. आराखडा तीन वर्षांचा असतो, आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी तयार हवा, म्हणजे डिसेंबर अखेर. तो बहुतेक ठिकाणी मागच्या वर्षाची नक्कल करून भरला जातो आणि मग अंदाजपत्रकाच्या वेळी विभागाकडे तुमच्या शाळेची लेखी मागणीच नसते. दुरुस्ती लिहिताना ‘स्वच्छतागृह खराब’ असे नको. ‘मुलींच्या स्वच्छतागृहातील दोन नळ, एक दरवाजा, टाकीची जोडणी’ असे लिहा, म्हणजे कनिष्ठ अभियंत्याला पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज) करता येते. पोचपावती घ्या.

संयुक्त अनुदान पटावर ठरते: 30 पर्यंत 10,000, 100 पर्यंत 25,000, 250 पर्यंत 50,000, 1,000 पर्यंत 75,000 आणि त्यापुढे 1 लाख रुपये. किमान 10 टक्के स्वच्छतेवर. आता पैसा शाळेच्या खात्यात पडून राहत नाही, खर्चाची मर्यादा मिळते आणि 31 मार्चला न वापरलेली मर्यादा जाते. ती उशिरा आली की घाईने भलतीच खरेदी होते. त्यामुळे जानेवारीच्या सभेतच प्राधान्यक्रमाचा ठराव करून ठेवा.

हजेरीपट
कागद मिळत नसतील तर माहिती अधिकाराच्या अर्जाआधी मनपात दर सोमवारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहता येतात, ते वापरा. संचमान्यतेची प्रत, शाळेच्या कामाची निविदा आणि मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाच्या मापांची नोंद) मागा. अर्ज करायचाच तर 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत, आणि एका अर्जात एकाच विषयाचे प्रश्न.

धनकवडी किंवा आंबेगावच्या बाजूला 2017 किंवा 2021 नंतर हद्दीत आलेल्या गावातली शाळा असेल, तर ती जिल्हा परिषदेकडून मनपाकडे कधी हस्तांतरित झाली आणि जागेचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे सर्वांत आधी पाहा. जागा मनपाच्या नावावर नसेल तर भवन विभाग तिथे खर्च करायला हात लावत नाही.