शब्दचर्चा : ‘सक्तीचे उपचार’, ‘साहाय्यित उपचार’ की ‘उपचार-आदेश’?

वेलांटी
एका माहितीपत्रकाचं मराठी भाषांतर करते आहे. मूळ पत्रक अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याचं आहे. गंभीर मानसिक आजार असलेली व्यक्ती घरीच राहते, पण ठरल्या दिवशी दवाखान्यात यायचं, अमुक औषधं घ्यायची, केस मॅनेजरला (उपचारांचा पाठपुरावा करणाऱ्या कर्मचाऱ्याला) भेटायचं, हे न्यायालय लेखी आदेशाने ठरवून देतं. तिथलं नाव ‘असिस्टेड आउटपेशंट ट्रीटमेंट’. ‘आउटपेशंट कमिटमेंट’ असंही म्हणतात. भाषांतराच्या मशीनने त्याचं ‘बाह्यरुग्ण बांधिलकी’ करून ठेवलं होतं, ते खोडलं. आता तीन पर्याय उरलेत: ‘साहाय्यित’, ‘सक्तीचे’ आणि ‘न्यायालयादेशित’ बाह्यरुग्ण उपचार. वाचणारे रुग्णाचे घरचे लोक आहेत. कोणता ठेवावा?

जुनी पाटी
‘सक्तीचे’. ‘साहाय्यित’ म्हणजे शुद्ध रंगसफेदी. ज्याला नको आहे त्याला कोर्टातून आणून दिलेलं ते कसलं साहाय्य?
शब्द फारसी ‘सख्त’वरून आलेला, म्हणजे कठीण, कडक. सक्त ताकीद, सक्तमजुरी, सक्तवसुली यांत तो कडकपणा अजून आहे. पण ‘सक्तीचं आणि मोफत शिक्षण’ म्हटलं की मुलाला बांधून शाळेत नेतात असं कुणाला वाटत नाही. त्यामुळे शब्दाला घाबरायचं कारण नाही. ‘इन्व्हॉलंटरी’साठी ‘अनैच्छिक’ मात्र नको. तो शब्द शाळेच्या विज्ञानात हृदयाच्या स्नायूंसाठी राखीव झालाय. इच्छेविरुद्ध दाखल करण्याला ‘अनैच्छिक दाखला’ असंही कुठेकुठे वाचायला मिळतं. दाखला तहसील कार्यालयात मिळतो, रुग्णालयात माणूस दाखल होतो.

औषधपेटी
शाळेचं उदाहरण इथे चालणार नाही. मनोविकार विभागात ‘सक्तीचे उपचार’ म्हटलं की एकच चित्र उभं राहतं: चौघांनी धरून दिलेलं इंजेक्शन. न्यूयॉर्कच्या आदेशात नेमकं तेच नाही. आदेशात औषधांचे प्रकार असू शकतात, पण त्या आदेशाच्या जोरावर घरी जाऊन कुणी सुई टोचू शकत नाही. औषध नाकारलं तर तो न्यायालयाचा अवमान धरला जात नाही, आणि केवळ नाकारलं एवढ्यावर रुग्णालयात ठेवताही येत नाही. मग होतं काय? आधी समजावणं. ते फसलं आणि दाखल करायची गरज असावी असं डॉक्टरांना वाटलं, तर व्यक्तीला रुग्णालयात आणून जास्तीत जास्त ७२ तास ठेवता येतं. तेही दाखल करायची गरज आहे का हे तपासण्यासाठी. तिथे दाखल करण्याचे नेहमीचे निकष बसले तरच पुढे ठेवतात, नाहीतर घरी सोडतात.
म्हणजे ‘सक्तीचे’ वाचलेली आई अशी समजूत करून घेणार की आता पोलीस येऊन गोळ्या देतील. मुलाने पहिल्याच आठवड्यात गोळ्या बंद केल्या की ती आदेश घेऊन दवाखान्यात भांडायला उभी राहणार. माहितीपत्रकातला शब्द चुकला की त्याचा त्रास असा दवाखान्याच्या खिडकीवर येतो.

तळटीप
औषधपेटींशी सहमत. ‘साहाय्यित’ला दुसरीही हरकत आहे. आपल्याकडच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात कलम ८९ आहे: ज्याला स्वतःच्या उपचारांचा निर्णय घेता येत नाही त्याला नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून ३० दिवसांपर्यंत दाखल करून घेणं. त्याच्या इंग्रजी नावातही ‘सपोर्टेड’ आहे आणि मराठीत तेही ‘साहाय्यित’च होतं. पण ते दाखल करून घेणं, हे घरी राहून उपचार. त्यात न्यायालय नाही, यात आहे. ज्याने आपला कायदा वाचलाय तो ‘साहाय्यित’ पाहून थेट उलटं समजेल. भारतीय कायद्यात घरी राहणाऱ्याला उपचार घ्यायला लावणारा आदेशच नाही, म्हणून तयार शब्दही सापडणार नाही. आधीच्या १९१२ आणि १९८७ च्या कायद्यांत होती ती ‘रिसेप्शन ऑर्डर’, तीसुद्धा दाखल करण्याचीच. मशीन तिचं ‘स्वागत आदेश’ करतं, हे जाता जाता.
माझी सूचना: पहिल्यांदा ‘न्यायालयाच्या आदेशाने बाह्यरुग्ण उपचार’ असं पूर्ण लिहा, पुढे सगळीकडे ‘उपचार-आदेश’. बंधन आदेशाचं आहे हे दिसतं, आणि अंगाला हात लावण्याचं चित्र उभं राहत नाही. ‘न्यायालयादेशित’ व्याकरणात बसतो, पण मोठ्याने वाचून बघा.

जुनी पाटी
वाचून बघितला. मागे घेतो. ‘उपचार-आदेश’ला विरोध नाही, पण आदेश पाळला नाही तर काय, हे पहिल्याच परिच्छेदात आलं पाहिजे. नाहीतर रंगसफेदी ती रंगसफेदीच.

वेलांटी
तो परिच्छेद वरच घेते. आता अर्जाचा भाग. माझा मसुदा असा:
‘रुग्णाचे नातेवाईक सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल करू शकतात. याचिकेसोबत दहा दिवसांच्या आत केलेल्या तपासणीचे डॉक्टरांचे प्रतिज्ञापत्र जोडावे. रुग्ण ३६ महिन्यांत दोनदा दाखल झालेला असावा. सबळ पुरावा असल्यास आदेश होतो.’

तळटीप
चार वाक्यं आहेत आणि चारही दुरुस्त करावी लागतील. नाराज होऊ नका, यातले बहुतेक खड्डे मुळातच आहेत.

‘सर्वोच्च न्यायालय’: न्यूयॉर्क राज्यात ‘सुप्रीम कोर्ट’ हे पहिल्या पायरीचं न्यायालय आहे, खटले चालतात तिथे. राज्यातलं सगळ्यात वरचं न्यायालय ‘कोर्ट ऑफ अपील्स’. हा कायदा घटनेत बसतो असा निकाल २००४ मध्ये दिला तो त्याने. भाषांतरात ‘सर्वोच्च’ आलं की वाचक विमानाने राजधानीला जायची तयारी करेल. ‘सुप्रीम कोर्ट’ तसंच ठेवा आणि ‘हे तिथलं खालचं न्यायालय’ एवढं सांगा. ‘याचिका’ही जड होते, ‘अर्ज’ म्हणा.

‘नातेवाईक’: यादी ठरलेली आहे. आई, वडील, पती किंवा पत्नी, सज्ञान भाऊ-बहीण, सज्ञान मुलगा-मुलगी. शिवाय त्याच घरात राहणारी १८ वर्षांवरची व्यक्ती, उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ, ज्या रुग्णालयात तो दाखल आहे तिथले संचालक, असे आणखी काही. मराठीत नुसतं ‘भाऊ’ लिहिलं की चुलतभाऊ-मामेभाऊ आपोआप आत येतात. तिथे येत नाहीत. काका एकाच घरात राहत असतील तर ते ‘घरात राहणारे’ म्हणून अर्ज करतील, काका म्हणून नाही. ‘चुलत-मावस नव्हे’ हे शब्द घालाच.

‘दहा दिवसांच्या आत’: कशाच्या आत? अर्ज केल्यावर दहा दिवसांत तपासणी, असा अर्थ सहज निघतो आणि तो उलटा आहे. आधी तपासणी, आणि त्यानंतर दहा दिवस उलटायच्या आत अर्ज न्यायालयात. तपासणारा डॉक्टर आणि अर्जदार एकच असून चालत नाही. अर्ज पोचल्यावर तीन दिवसांत सुनावणी, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून.

‘दोनदा दाखल’: इथे सगळ्यात मोठं गळालंय. नुसतं दोनदा दाखल होणं पुरत नाही. उपचार सोडले आणि बऱ्याच अंशी त्यामुळे दाखल व्हावं लागलं, असं किमान दोनदा घडलेलं हवं. तुरुंगातल्या मनोविकार सेवाही यात धरतात. किंवा दुसरा रस्ता: उपचार सोडल्यामुळे गेल्या ४८ महिन्यांत स्वतःवर वा दुसऱ्यावर गंभीर हिंसा, तिचा प्रयत्न किंवा धमकी. अपघाताने पाय मोडून दाखल झालेला मोजत नाहीत. तेव्हा ‘उपचार सोडल्यामुळे’ हा शब्द वाक्यात आधी आणा. आणि हे निकषांपैकी एकच आहे, बाकीचेही सगळे लागतात. त्यातला एक असा की याहून कमी बंधनाचा उपाय पुरेसा नसावा.

‘सबळ पुरावा’: बातम्यांत ‘सबळ पुराव्याअभावी निर्दोष’ इतक्यांदा येतं की हा शब्द फौजदारी झालाय. इथली पातळी मधली आहे. दिवाणी दाव्यात पारडं जरा झुकलं तरी पुरतं, फौजदारीत वाजवी संशयापलीकडे जावं लागतं, आणि यांच्या मध्ये ‘स्पष्ट आणि खात्री पटवणारा पुरावा’. माणसाला इच्छेविरुद्ध दाखल करण्यासाठी निदान एवढा पुरावा लागतो, हे अमेरिकेच्या खऱ्याखुऱ्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये सांगितलं. चार शब्द लागले तरी हेच लिहा.

पुस्ती
एक छोटं. ज्याच्याबद्दल अर्ज आहे त्याला ‘प्रतिवादी’ किंवा ‘सामनेवाला’ नको, ‘विरुद्ध’ही नको. ‘ज्याच्याबाबत अर्ज आहे ती व्यक्ती’. आणि ‘गंभीर मानसिक आजार’ लिहिताना जपून. ‘प्रकृती गंभीर’ म्हणजे अतिदक्षता विभाग असं आपल्या कानाला सवयीचं झालंय. ‘तीव्र’ घ्यावा तर डॉक्टर तो अचानक उद्भवलेल्या आजारासाठी वापरतात. ‘गंभीर’च ठेवा, पण पहिल्याच ठिकाणी ‘म्हणजे स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांसारखे’ असं जोडा. स्किझोफ्रेनियाला ‘छिन्नमनस्कता’ लिहून ‘दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व’ हा गैरसमज पक्का करू नका, कृपया.

औषधपेटी
+१. आता उपचार-योजनेच्या पानाबद्दल. आदेशासोबत ती लेखी लागते. केस मॅनेजर किंवा घरी येणारं उपचार पथक, यांपैकी एक तिच्यात असलंच पाहिजे. बाकी औषधं, समुपदेशन, राहण्याची देखरेख, औषध पोटात जातंय का हे बघायला रक्त-लघवीची तपासणी, हे गरजेप्रमाणे.

‘दीर्घकाळ क्रिया करणारे अंतःक्षेपण’ असं कुणी बोलत नाही. ‘डेपो इंजेक्शन’ म्हणतात. ‘महिन्याचं इंजेक्शन’ गोड वाटतं, पण सगळी महिन्याची नसतात. फ्लुफेनाझिन डेकॅनोएट दोन ते चार आठवड्यांनी असतं, पॅलिपेरिडोनचा तीन महिन्यांचाही प्रकार आहे. आणि महिन्याच्या पॅलिपेरिडोनची सुरुवात महिन्याने होत नाही: पहिल्या दिवशी १५० मिलिग्रॅम, आठवड्याने १०० मिलिग्रॅम, दोन्ही इंजेक्शनं दंडात, मग महिन्याची पाळी. ‘महिन्याचं’ एवढंच वाचून दुसरी तारीख हुकली तर औषधाची पातळी चढायच्या आतच घसरते आणि ‘इंजेक्शनने काही झालं नाही’ असा शिक्का बसतो.

लिथियम (बायपोलरसाठीचं औषध) घेणाऱ्याच्या रक्ततपासणीला ‘उपाशीपोटी या’ असं छापलेलं असेल तर बदला. पोट रिकामं असण्याशी संबंध नाही. शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी रक्त घ्यायचं असतं. लोक उपाशी येतात, पण सकाळची गोळी पाण्यासोबत घेऊन येतात. आकडा उगाच जास्त दिसतो आणि डोस कमी केला जातो. ‘रात्रीची गोळी घ्या, सकाळची रक्त दिल्यावर घ्या, नाश्ता चालेल.’ एवढं सरळ.

पुस्ती
माहितीपत्रकात इंग्लंडबद्दलही चौकट आहे ना? तिथे ‘आदेश रद्द झाल्यास’ असं काही आलं असेल तर पुन्हा बघा.

वेलांटी
आहे. ‘डॉक्टर रुग्णाला परत बोलावू शकतात आणि नंतर आदेश रद्द करू शकतात.’ रद्द झाला म्हणजे सुटला, नाही का?

तळटीप
नाही! पुस्तींनी बरोबर पकडलं. इंग्लंड-वेल्समध्ये ही व्यवस्था नोव्हेंबर २००८ पासून आहे, नाव ‘कम्युनिटी ट्रीटमेंट ऑर्डर’. ती आधी दाखल असलेल्या रुग्णालाच लागते आणि न्यायालय देत नाही. उपचारांची जबाबदारी असलेला डॉक्टर आणि मान्यताप्राप्त मानसिक आरोग्य कर्मचारी यांनी मिळून द्यायची. म्हणजे त्या चौकटीत ‘न्यायालयाच्या आदेशाने’ हे चुकीचं ठरेल, ‘उपचार-आदेश’ मात्र चालेल. परत बोलावलं की ७२ तासांपर्यंत ठेवता येतं. त्या वेळात ‘रिव्होक’ केलं, तर घरी राहण्याची मुभा संपते, आधीचा दाखल ठेवण्याचा अधिकार पुन्हा लागू होतो आणि माणूस आत राहतो. मराठीत ‘आदेश रद्द’ वाचून घरचे पेढे वाटतील. लिहा: ‘घरी राहून उपचार घेण्याची मुभा काढून घेऊन पुन्हा रुग्णालयात ठेवू शकतात.’ सुटका होते ती ‘डिस्चार्ज’ने, आणि आपल्याकडे डिस्चार्ज म्हणजे वॉर्डमधून घरी जाणं. म्हणून तिथे ‘आदेशातून मुक्त’.
७२ तासांवरूनही गोंधळ नको. न्यूयॉर्कचे ७२ तास तपासणीचे, इंग्लंडचे परत बोलावल्याचे, आणि आपल्या कलम ९४ मधले तातडीच्या उपचारांचे. आकडा तोच, तिन्हींचा अर्थ वेगळा.

जुनी पाटी
मसुद्यात ‘आदेशामुळे पुन्हा दाखल होणे टळते’ असं एक वाक्य दिसतंय. ‘मुळे’ काढा. इंग्लंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आदेशाखालचे आणि साध्या रजेवर सोडलेले, दोन्ही गटांत वर्षभरात सुमारे ३६ टक्के पुन्हा दाखल झाले. न्यूयॉर्कच्या २००९ च्या मूल्यमापनात आदेशाच्या काळात दाखल होणं घटलेलं दिसलं खरं, पण त्यांना सेवाही वाढवून मिळाल्या होत्या. आदेशाने झालं की सेवेने, हे एका ‘मुळे’ने ठरवून टाकता येत नाही. ‘आदेशाच्या काळात’ म्हणा.

वेलांटी
सगळं घेतलं. सुरुवात आता अशी:
‘न्यायालयाच्या आदेशाने बाह्यरुग्ण उपचार (पुढे “उपचार-आदेश”) म्हणजे घरी राहून ठरलेले उपचार घेण्याचे बंधन. पहिला आदेश जास्तीत जास्त एक वर्षाचा असतो. या आदेशावरून कोणीही बळजबरीने औषध देऊ शकत नाही. उपचार सोडल्यास, समजावूनही उपयोग झाला नाही आणि दाखल करण्याची गरज असावी असे डॉक्टरांना वाटले, तर व्यक्तीला तपासणीसाठी ७२ तासांपर्यंत रुग्णालयात ठेवता येते. केंद्राचा कायदा १९९९ मध्ये झाला.’

तळटीप
एक वर्ष बरोबर. २०१३ च्या दुरुस्तीपूर्वी सहा महिने होते, जुनी पत्रकं बघून कुणी बदलू नये. शेवटचं वाक्य मात्र भलतंच झालंय. कायदा न्यूयॉर्क राज्याचा. नाव ‘केंड्राज लॉ’, जानेवारी १९९९ मध्ये भुयारी रेल्वेसमोर ढकलल्या गेलेल्या केंड्रा वेबडेल हिच्यावरून. टंकनाने ‘केंड्रा’ची ‘केंद्रा’ केली आणि राज्याचा कायदा केंद्र सरकारचा झाला. ‘शोधा आणि बदला’ सगळीकडे एकदम चालवू नका, नाहीतर ‘उपचार केंद्रा’चंही ‘केंड्रा’ होईल.