अंगठेबहाद्दर कोण?

तिरकी_रेघ: परवा जुनेजाणते यांनी लिहिलं, "हल्लीच्या पोरांची चळवळ फोनवरच्या अंगठ्यापलीकडे जात नाही. आम्ही लाठ्या खाल्ल्या." उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा. काका, मे २०२० मध्ये अमेरिकेत पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर गुडघा दाबून त्याचा जीव घेतला, ते १७ वर्षांच्या एका मुलीने फोनवर टिपून फेसबुकवर टाकलं. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात त्या गुडघ्याचा उल्लेखही नव्हता, प्रकृती बिघडली म्हणे! ती मुलगीही अंगठेबहाद्दरच का?

जुनेजाणते: आणि २ जूनचं काय? फ्लॉइडसाठी निषेध म्हणून इन्स्टाग्रामवर सगळीकडे काळे चौकोन, #BlackLivesMatter लावून. त्याच हॅशटॅगवर लोक निदर्शनांची माहिती शोधत होते, त्यांना दिसला नुसता काळोख. शेवटी कार्यकर्त्यांनाच सांगावं लागलं की बाबांनो, तो हॅशटॅग लावू नका. इजिप्तमध्ये सरकारविरोधी आंदोलन चालू असताना २८ जानेवारी २०११ ला सरकारने इंटरनेट बंद पाडलं, तरी लोक रस्त्यावर उतरलेच ना?

वाचनमात्र: त्या आंदोलनाची सुरुवात झाली त्या २५ तारखेची हाक फेसबुकवरूनच गेली होती. सोयीचं तेवढं बरं आठवतं.

एक_सही: मी एकदा एका ऑनलाइन निवेदनावर सही केली. निवेदनाचं काय झालं देव जाणे, मेल अजून येतात.

जुनेजाणते: हेच म्हणतोय! आम्ही सतरंज्या उचलल्या, रात्र रात्र पोस्टरं चिकटवली. घरी कधी पोचू याचा नेम नसायचा.

निंबोणी: आल्या सतरंज्या. माझे वडीलही उचलायचे. आई घरी माझ्या तापाशी झुंजत बसायची. तिलाही मोर्चाला जायचं होतं, पण एक मोर्चाला गेला की एकीला घरी थांबावंच लागतं. आज गुडघे गेलेत, तर फोनवरून पंधरा जणींना बैठकीला उभं करते. ती आळशी का?

जुनेजाणते: वैयक्तिक होऊ नका. आमची ही स्वखुशीने थांबायची.

निंबोणी: विचारलं होतंत?

वाचनमात्र: 😂

जुनेजाणते: हसायला काय झालं? तुमच्यासारख्यांना लाठी म्हणजे काय ते माहीत तरी आहे का?

मधला_मार्ग: मूळ विषयावर येऊ या का? हवामान बदलाविरुद्ध लढणारी ग्रेटा थुनबर्ग ऑगस्ट २०१८ मध्ये स्वीडनच्या संसदेबाहेर फलक घेऊन पहिल्या दिवशी एकटीच बसली होती. बसली रस्त्यावर, पसरली फोनवर. दोन्ही लागतं.

निंबोणी: तुम्ही थांबा हो. काका, उत्तर?

तिरकी_रेघ: माझा धागा होता हा. असो, चालू द्या.

जुनेजाणते: बरं, त्या मुलीचा व्हिडिओ मानला. काळे चौकोन मानणार नाही, मेलो तरी. आणि हिला आत्ता विचारलं. म्हणाली, "मला आयडी काढून दे, मीच लिहिते."

निंबोणी: लगेच द्या. पासवर्ड मात्र त्यांनाच ठेवू दे.