मदत हवी आहे: अंदाजपत्रकाच्या फाइलच्या चार प्रती झाल्यात, कोणती धरायची?

मोजपट्टी
ऑफिसात आम्ही चौघं एकाच एक्सेल फाइलवर काम करतो. मोजमापं, दर, गोषवारा सगळं तिच्यातच. आज फोल्डर उघडला तर चार प्रती. बाब क्र. १४, पायाचं काँक्रीट: एकीत २१२.४० घनमीटर, दुसरीत २२१.४०. दोन्हींवर कालचीच तारीख. गुरुवारी निविदा भरायची आहे. "एका वेळी एकानेच उघडा" हे सांगून झालंय, कृपया तेच परत सांगू नका.

सर्व्हररूम
फाइल नक्की कुठे आहे? चारही नावं जशीच्या तशी टाका, एक्सटेन्शनसकट. मायक्रोसॉफ्ट ऑफिस कोणतं, २०१०, २०१६ की वर्गणीचं? एवढं कळल्याशिवाय काही सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

वर्ष_आधी
नावातच घोळ असणार. तारीख वर्षापासून लिहा, मग महिना, मग दिवस, मग आद्याक्षरं. दिवस आधी लिहिला की नावाप्रमाणे लावताना सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एकत्र येतात. आणि नावात 'अंतिम' हा शब्द कोणालाही वापरू देऊ नका.

मोजपट्टी
नावं: अंदाजपत्रक.एक्सएलएस, अंदाजपत्रक-साइटलॅपटॉप.एक्सएलएस, अंदाजपत्रक अंतिम.एक्सएलएस, अंदाजपत्रक अंतिम नवे.एक्सएलएस. फाइल वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यावर) आहे, सगळं जोडलेलं आहे.

कुलूपकिल्ली
रिव्ह्यूमध्ये जाऊन प्रोटेक्ट शीट करा. ज्या सेलमध्ये भरायचं आहे तेवढेच अनलॉक ठेवा, म्हणजे सूत्रं कोणी बिघडवणार नाही.

सर्व्हररूम
@कुलूपकिल्ली, त्याने प्रती व्हायच्या थांबत नाहीत.
@मोजपट्टी, 'सगळं जोडलेलं' म्हणजे? चौघांची चार खाती, की एका पीसीवर वनड्राइव्ह आणि बाकीचे त्याच पीसीचा फोल्डर नेटवर्कवरून उघडतात?

मोजपट्टी
दुसरं. साइटच्या लॅपटॉपवर मात्र त्याच खात्याने वनड्राइव्ह आहे. एका मशीनवर ऑफिस २०१० आहे, बाकी वर्गणीचं. त्याने काय फरक पडतो?

सर्व्हररूम
सगळा फरक तिथेच पडतो. नेटवर्कवरून कोणी फाइल उघडली की एक्सेल शेजारी एक लपलेली छोटी फाइल बनवतं, नावाच्या सुरुवातीला लहरी रेघ आणि डॉलरचं चिन्ह. ती दिसली की दुसऱ्याला 'लॉक्ड फॉर एडिटिंग' येतं. पण या चिन्हांनी सुरू होणाऱ्या फाइली वनड्राइव्ह वर पाठवतच नाही. म्हणजे ऑफिसात लागलेलं कुलूप साइटवर पोचत नाही. दोघंही निर्धास्त सेव्ह करतात, वनड्राइव्हला दोन्ही जुळवता येत नाहीत, मग ते एका प्रतीच्या नावाला मशीनचं नाव लावून दोन्ही ठेवतं. तुमची दुसरी फाइल तीच. 'अंतिम'वाल्या दोन कोणीतरी सेव्ह ॲज केलेल्या दिसतात.

आधी हे करा: दोन्हीकडे सिंक (वनड्राइव्हचं आपोआप जुळवणं) पॉज करा आणि चारही प्रती वनड्राइव्हबाहेरच्या फोल्डरात कॉपी करा. काहीही डिलीट करू नका.

मग कायमचं: नेटवर्क शेअर बंद. प्रत्येकाचं स्वतःचं खातं, फाइल सगळ्यांशी शेअर, उघडायची ती लिंकवरूनच. जुनं एक्सएलएस चालणार नाही, सेव्ह ॲज करून एक्सएलएसएक्स करा. उघडण्याचा पासवर्ड असेल तर काढा, त्याने एकत्र काम करता येत नाही. ऑटोसेव्ह चालू. आणि २०१०वाल्याने ब्राउझरमधलं एक्सेल वापरायचं. त्याने डेस्कटॉपवर उघडली की बाकीच्यांना फाइल लॉक.

कमिट_करा
गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरा. कोणी काय बदललं, का बदललं, सगळी नोंद राहते.

सर्व्हररूम
एक्सएलएसएक्स फाइल म्हणजे झिपमध्ये बांधलेलं एक्सएमएल. गिट दोन आवृत्त्या ठेवेल, पण बाब १४ मध्ये काय बदललं ते दाखवणार नाही, आणि दोघांचे बदल जुळवणार तर नाहीच. मोजमापं घेणाऱ्या माणसाला तीन दिवसांत ब्रँच (गिटमधली कामाची वेगळी शाखा) शिकवायची?

कमिट_करा
दर सीएसव्हीत (साध्या मजकुराच्या तक्त्यात) ठेवले तर ओळीओळीचा फरक दिसतो. निदान दरांपुरतं करून बघा.

सर्व्हररूम
दरांपुरतं मान्य. पण गुरुवारनंतर.

घनमीटर
मूळ प्रश्न राहिलाच, आकडा कोणता खरा? फरक ९.०० आहे. शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरकाला ९ ने भाग जातोच, त्यामुळे टायपिंगची चूक वाटते. पण ३ × ३ × ०.५ मीटरचे दोन फूटिंग (खांबाखालचे काँक्रीटचे पाये) म्हणजेही बरोबर ९ घनमीटर. अंदाजाने ठरवू नका. दोन्ही फाइलींत गोषवाऱ्यात कंट्रोल आणि बॅकटिक (१ च्या डावीकडची ` ही की) दाबा, सूत्रं दिसतील. परिमाण मोजमापाच्या शीटवरून येतंय की कोणी आकडा हाताने टाकलाय, ते बघा.

बाकीच्या बाबींसाठी दोन्ही गोषवारे एकाच वर्कबुकात आणा आणि बाब क्रमांकावर व्हीलूकअप (क्रमांक शोधून त्यासमोरचा आकडा आणणारं सूत्र) लावून फरक काढा. ओळीसमोर ओळ ताडू नका. एकीत एक ओळ जास्त असली की खालचं सगळं चुकीचं दिसतं.

देवनागरी_युनिकोड
सोबतचं मराठी पत्र जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये असेल तर ब्राउझरमध्ये नुसती अगम्य अक्षरं दिसतील. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

मोजपट्टी
पत्र मंगलमध्येच (युनिकोड फॉन्टमध्ये) आहे. मुख्य फाइलीत २१२.४० हाताने टाकलेला निघाला, सूत्र पुसलं गेलंय. लॅपटॉपच्या प्रतीत सूत्र शाबूत आहे आणि मोजमापात दोन फूटिंग वाढलेत, तुम्ही म्हणालात त्याच मापाचे. नकाशाशी ताडलं, २२१.४० बरोबर. व्हीलूकअपने आणखी तीन बाबी सापडल्या, तिन्ही दरांच्या. पुढे कोणी असं सूत्र पुसलं तर कळेल का?

सर्व्हररूम
व्हर्जन हिस्टरीत आवृत्ती कोणी सेव्ह केली ते दिसतं, म्हणून तर वेगळी खाती. पण वैयक्तिक मायक्रोसॉफ्ट खात्यात शेवटच्या २५ आवृत्त्याच मिळतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीचं तिथे सापडेल म्हणून बसू नका.

घनमीटर
नकाशांना असते तशी रिव्हिजनची पाटी पहिल्या शीटवर करा: आर०, आर१, तारीख, कोणी, कोणती बाब, जुना आकडा, नवा आकडा. बाहेर पाठवाल ती प्रत पीडीएफ करून वेगळ्या फोल्डरात, नावात तोच आर क्रमांक. आणि हो, सूत्रांचे सेल लॉक करा. कुलूपकिल्लींनी सांगितलेलं इथे उपयोगी आहे.

मोजपट्टी
आर० आत्ताच केली. नेटवर्क शेअर आज संध्याकाळी बंद करतो.