स्मृतिभ्रंशाचे रुग्ण ठेवणाऱ्या वृद्धाश्रमांवर देखरेख कोणाची?

प्रश्न
माझ्या आईला अल्झायमर असून ती पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमाच्या 'मेमरी केअर' विभागात आहे. परवा न कळवता गेले, तेव्हा तिला ओढणीने खुर्चीला बांधलेले दिसले. रात्रपाळीला एकच मावशी असते आणि आई सारखी उठून चालू लागते, असे कारण व्यवस्थापकांनी दिले. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे. ती पुरेशी आहे का?

उत्तर (वकील)
नाही. ती नोंदणी न्यासाच्या मालमत्तेची आणि हिशेबांची असते. आईची काळजी कशी घेतली जाते, हे त्यातून कोणी तपासत नाही. ज्येष्ठांच्या निवासांना नोंदणी सक्तीची करणारे विधेयक 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण मंजूर न होताच बारगळले. मात्र मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 मधील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि स्थळकाळाचे भान यांतील गंभीर बिघाडही येतो. त्यामुळे असे रुग्ण जिथे काळजीसाठी राहतात, त्या जागेची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. याच कायद्याच्या कलम 97 नुसार, तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या अनुमतीने आणि कारण नोंदवून रुग्णाला जखडता येते. कर्मचारी कमी आहेत, ही सबब त्या कलमाने नेमकी नाकारली आहे.

उत्तर (परिचारिका)
संस्थेकडे नोंदणीचे आणि बांधल्याच्या नोंदीचे कागद मागताना रात्रपाळीचा तक्ताही अवश्य मागा. स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांची अस्वस्थता तिन्हीसांजेनंतर वाढते आणि नेमकी तेव्हाच हाताखालची माणसे घरी गेलेली असतात. मला खरी काळजी पुढची वाटते: तक्रारीनंतर ओढणी सुटते आणि तिच्या जागी गुंगीची गोळी येते. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये मनोविकारावरील काही औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून औषधांची नोंद दर भेटीत पाहा आणि नवे औषध कोणी, कशासाठी लिहिले ते विचारा.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. आई तिथेच असताना तक्रार करायची भीती वाटते. पण तक्रार द्यायचीच ठरवले, तर ती कोणाकडे द्यावी?

उत्तर (वकील)
मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, म्हणजे याच 2017 च्या कायद्याखाली रुग्णांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे. आईने कोणाला नामनिर्देशित केले नसेल, तर नातेवाईक या नात्याने आपण तिच्या प्रतिनिधी म्हणून अर्ज करू शकता. अर्जात बांधल्याची तारीख, वेळ आणि व्यवस्थापकांनी दिलेले कारण त्यांच्याच शब्दांत लिहा.